बिनकान्याची अक्षरं

१

सकाळचं सगळं ठरलेलं होतं. आधी बाबांचं तोंड पुसायचं, मग दाढी, मग चमच्याचमच्यानं चहा, आणि मग दोघींनी दोन बाजूंनी धरून त्यांना खिडकीजवळच्या टेबलापाशी नेऊन बसवायचं. दोघी म्हणजे बिट्टी आणि तिची आत्या. बिट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण घरात कोणी खऱ्या नावानं हाक मारली असती तर तिला वाटलं असतं, बँकेतून फोन आलाय.

बसवून झालं की उरायचा उजवा हात. तो उचलून टेबलावर ठेवायचा. फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "हात मांडीत लोंबकळता कामा नये. त्यांच्या डोळ्यांसमोर हवा. नाहीतर मेंदू त्याला विसरतो." त्यामुळे तो हात रोज टेबलावर यायचा. पालथा, जड, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा.

बाबांनी जन्मभर रेडिओवर बातम्या वाचल्या होत्या. चेहऱ्यानं त्यांना कोणी ओळखत नसे, पण टॅक्सीत बसून पत्ता सांगितला की चालक मान वळवून बघे. एखादा शब्द कसा उच्चारावा यावरून ते बायकोशी भांडले होते, बहिणीशी भांडले होते, एकदा तर एका मंत्र्याच्या सचिवाशी फोनवर भांडले होते. अशा माणसाला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि जाताना वाचा घेऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, भाषा शाबूत आहे, फक्त जीभ ऐकत नाही. त्यातला 'फक्त' कानावर पडला तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले.

बिट्टी लॅपटॉप, कपडे आणि नोकरी असं सगळंच उचलून माहेरी आली. ती प्रोग्रॅमर; खुर्ची आणि वीज मिळाली की तिचं काम कुठूनही चालायचं. आल्या आल्या तिनं बाबांच्या डाव्या हातापुढे एक कीबोर्ड ठेवला, आणि तिथेच घोडं अडलं.

मराठी कीबोर्डची एक गंमत आहे. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, अनुस्वार, सगळे डाव्या हाताखाली. व्यंजनं जवळजवळ सगळी उजव्या हाताखाली. म, न, व अशी दोन-चार चुकार अक्षरं तेवढी डावीकडे पळून आलेली. म्हणजे ज्याचा डावा हात तेवढा चालतो त्याच्याकडे नुसते दागिनेच दागिने, आणि घालायला अंग नाही.

पण बिट्टी ज्या एडिटरमध्ये, म्हणजे लिहायच्या ज्या साध्या प्रोग्रॅममध्ये, दिवसभर काम करायची, त्यात कुठल्याही बटणाला हवं ते काम लावून देता येत होतं. तिनं एका बैठकीत ते करून टाकलं. खालची लांब पट्टी दाबून धरली की डावीकडची बटणं उजवीकडच्या बटणांची कामं करतील, आरशात बघावं तशी. पट्टी सोडली की पुन्हा आपापली. उजवी बाजू तिनं होती तशीच ठेवली. तिथे हात लावणार कोण?

बाबांनी जन्मात कधी टाइप केलं नव्हतं. कोंबडीनं दाणे टिपावेत तसं एका बोटानं ते शिकले. घामाघूम झाले. आणि एक दिवस पडद्यावर पहिलं अख्खं वाक्य उमटलं:

"चहा पांचट होता."

आत्या डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "बोलती बंद झाली, तरी तोंड काही बंद झालं नाही दादाचं!" आणि मग बराच वेळ तिघंही हसत बसले. बाबा अर्ध्या तोंडानं.

२

चूक पहिल्यांदा दिसली ती अशी.

"आज ऊन बरं आहे. खिडकी उघड. बघ"

बिट्टीनं खिडकी उघडली आणि बाहेर बघितलं. समोरच्या इमारतीची गच्ची, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेली एक चादर.

"काय बघू, बाबा?"

बाबांनी मान हलवली. डाव्या हातानं पडद्यावरच्या त्या शेवटच्या शब्दाकडे बोट केलं, मग तेच बोट वळवून टेबलावरच्या उजव्या हाताकडे. आणि सावकाश टिपलं, "मी नाही. तो."

उजवा हात कीबोर्डच्या कडेवर आला होता. बोटांची टोकं बटणांवर टेकलेली. बिट्टीनं तो हलकेच मागे सरकवला.

"घसरला असेल," ती म्हणाली. "तुमचं वाक्य संपल्यावर टेबल हललं असेल."

वेड्यासारखं आहे, तिला वाटलं. पण नंतर भांडी आवरताना तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही एकदा बाहेर बघून घेतलं.

पुढे ते अधूनमधून व्हायला लागलं. बाबांच्या वाक्याच्या शेपटाला कधी "बस", कधी "परत", कधी "जड". पूर्णविराम कधीच नाही. बाबा मात्र पूर्णविरामाशिवाय वाक्य सोडायचे नाहीत. ते त्यांना उघड्या दारासारखं वाटायचं. सगळे शब्द बिनकान्याचे, बिनमात्रेचे. ते साहजिकच होतं. उजवीकडे काना-मात्रा नव्हत्याच.

बिट्टीचं डोकं हिशेबी होतं. मराठीत दोन व्यंजनं शेजारी पडली की निम्म्या वेळा शब्द होतो, तिनं स्वतःला समजावलं. घर, चल, कर, पड. एका दुपारी बाबा झोपले असताना ती टेबलाशी बसली, डोळे मिटले आणि उजवा हात ढिला सोडून बटणांवर टाकत राहिली. डोळे उघडले तर पडद्यावर "टखग", "धजत", "ळपझ" असा सगळा पालापाचोळा. त्यात एक "पर" सापडला आणि एक "कस". तेवढ्यावर तिला हायसं वाटलं. सापडतात की! योगायोगच.

ती उठली, खुर्ची सारली, आणि मग लक्षात आलं की त्या हातानं पालापाचोळा एकदाही केला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांनी लिहिलं, "पेपर नीट घडी करून ठेव." आणि पुढे आलं, "सरक".

बिट्टी बाबांच्या डाव्या बाजूला उभी होती. तिनं नकळत एक पाऊल मागे घेतलं. मग तिला वाटलं, हे मला म्हटलेलं नाही.

३

बाबांना त्याची भीती वाटत नव्हती, हे बिट्टीला सगळ्यात विचित्र वाटलं. उलट त्यांना करमायला लागलं होतं. सकाळी टेबलाशी न्यायला दोन मिनिटं उशीर झाला तर ते डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर टकटक करायचे. आत्या म्हणाली, "ऑफिसात जायची घाई असायची ना, अगदी तशी."

एक दिवस त्यांनी बिट्टीला खूण करून बोलावलं. पडद्यावर होतं:

"दर घड"

खाली बाबांनी लिहिलं होतं, "ओळख."

"दरघड? असा शब्द नाही, बाबा."

बाबांचे डोळे शब्दकोडं सुटलेल्या माणसासारखे चमकत होते. त्यांनी एक एक टिपत खाली लिहिलं, "दार उघड."

बिट्टी उठून दारापर्यंत गेली. कडी काढली. जिन्यात कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या कुणाचा तरी प्रेशर कुकर शिट्टी घेत होता. ती परत आली तेव्हा बाबांचं पुढचं वाक्य तयार होतं.

"बिचाऱ्याकडे काना-मात्रा नाहीत. त्याला दे."

"कुणाला देऊ, बाबा?" तिचा आवाज चढला. "तो तुमचाच हात आहे!"

बाबांनी थोडा वेळ विचार केला. मग लिहिलं, "असेल. तरी दे."

तिनं दिलं नसतं. पण दुसऱ्याच दिवशी फिजिओच्या बाई आल्या आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. उजव्या हाताची तर्जनी उचलली गेली आणि एका बटणावर टेकली. बाईंनी हातातली पिशवी खाली टाकली. "हललं! अहो, बोट हललं! कधीपासून?"

"थोडे दिवस झाले," बिट्टी म्हणाली.

"आणि मला सांगितलं नाहीत? ही केवढी चांगली खूण आहे! हवं ते लिहू दे त्या हाताला. अडवू नका. मेंदू नवी वाट शोधतोय, वाटेत दगड कशाला ठेवायचा?"

"ते जे लिहितात ते... बाबा म्हणतात, मी लिहीत नाही."

"होतं तसं," बाई समजुतीनं म्हणाल्या. "गेलेला हात परत येताना पाहुण्यासारखा येतो. हळूहळू घरचा होतो."

आत्यानं लगेच दोन्ही हात जोडले. बिट्टीलाही भरून आलं. आपण कसली कसली भुतं नाचवत बसलो होतो! बाई गेल्यावर तिनं एडिटरची ती फाइल उघडली. काम अगदी सोपं होतं. डाव्या बाजूला जी सवलत दिली होती तीच उजव्या बाजूला द्यायची: पट्टी दाबून धरली की उजवीकडूनही काना, मात्रा, वेलांट्या. एक ओळ लिहायची, बस. तिनं ती ओळ लिहिली.

४

दिवसभर काहीच झालं नाही. उजवा हात बटणांवर नुसता पडून होता. बाबा वाट बघत होते. संध्याकाळी उन्हं टेबलावरून उतरली तेव्हा त्या हाताचा अंगठा हलला आणि पट्टीवर जाऊन बसला.

"बरं झालं" असं उमटलं. मग, "आता नीट बोलता येईल"

बिट्टी बाबांच्या मागे उभी राहून बघत होती. शब्दांपेक्षा तिचं लक्ष बोटांकडे गेलं. बाबांचा डावा हात अजूनही एका बोटानं दाणे टिपायचा. उजवा मात्र पाचही बोटांनी लिहीत होता. मनगट जागचं हलत नव्हतं. बोटं आपापल्या बटणांवर न बघता जात होती आणि परत घरी येत होती, सराईत टायपिस्टची जातात तशी. बाबा हे कुठे शिकले?

तिनं स्वतःला बजावलं, मेंदूचे दोन भाग असतात. एकाचं दुसऱ्याला कळत नाही असं होऊ शकतं, आपण कुठेतरी वाचलंय. माणूस स्वतःशी बोलतोच की. बाबा लिहून बोलतात, एवढंच.

मग दोन्ही हातांच्या गप्पा सुरू झाल्या. तिला कामाच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ऐकू यायचं. डाव्याचं थांबत थांबत टक, टक. मग उजव्याचं, सलग, मऊ, पत्र्यावर पावसाची सर यावी तसं. मीटिंग संपली की ती जाऊन वाचायची. बहुतेक बिनमहत्त्वाचंच असायचं. ऊन कुठवर आलं, खाली कुठली गाडी थांबली. एकदा बाबांनी विचारलं होतं, "इतकी वर्षं तू कुठे होतास?"

उत्तर होतं, "शेजारीच"

आत्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. एका दुपारी ती चहा घेऊन आली आणि कप न ठेवता तशीच उभी राहिली. तिचा चेहरा बघूनच बिट्टीला कळलं की ही काय विचारणार.

"आत्या, नको."

"विचारू दे गं. मनाला बरं वाटेल." बाबांच्या उजव्या बाजूला वाकून, लहान मुलाशी बोलावं तशा आवाजात आत्या म्हणाली, "वहिनी, तू आहेस का गं?"

बिट्टीची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. खोलीत कोणी हललं नाही. बाबांनी मान वळवून आपल्याच हाताकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते बिट्टीला बघवेना.

बोटं थांबली होती. काही बोलायच्या आधी माणूस आवंढा गिळतो, तेवढा वेळ. मग त्यांनी लिहिलं:

"हो"

आत्याच्या तोंडून हुंदका फुटला. तो पुरता बाहेर पडायच्या आत पुढची ओळ आली.

"माझं नाव काय होतं"

आत्यानं कप टेबलावर ठेवला. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून नळाचा आवाज येत राहिला. नंतर बिट्टीनं बघितलं तर ती सकाळचेच धुतलेले कप पुन्हा धूत होती.

"सांगायचं नाही हं त्याला," आत्या मागे न वळता म्हणाली. "नाव सांगायचं नाही."

५

त्यानंतर बाबा गप्प झाले. बोलत नव्हतेच, पण आता लिहीतही नव्हते. डावा हात मांडीवर ठेवून बसायचे. उजवा लिहायचा. "रागावलास का" मग, "थोडं सरक ना" मग, "पुष्कळ जागा आहे"

आणि एकीकडे तो हात बरा होत होता. खरोखरच बरा होत होता. त्यानं कप उचलला. त्यानं बिट्टीच्या हातातून चमचा घेतला. एकदा तिनं बाबांच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं तर त्यानं तिची बोटं बाजूला केली आणि ते आपलं आपण लावलं. फिजिओच्या बाई आनंदानं टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. "असंच चालू ठेवा. पायातही जोर येतोय. या घडीला काही बदलू नका."

डावा हात दुखतोय, असं बाबांनी खुणेनं सांगितलं. बाई म्हणाल्या, सगळं काम त्यानं केलं ना इतके दिवस, थकला असेल.

एका सकाळी बाबांच्या डाव्या हातातून चष्मा पडला. त्यांनी तो उचलायचा प्रयत्न केला, बोटं चष्म्यावरून नुसतीच फिरली. त्यांनी बिट्टीकडे बघितलं. मग तो हात ओढत ओढत कीबोर्डवर आणला. ती सगळा वेळ शेजारी बसून होती. एकेका अक्षराला किती वेळ लागत होता!

"पूर्वीसारखं कर."

उजवा हात शेजारीच होता. अगदी स्वस्थ. ऐकत असल्यासारखा.

"बाबा, अहो, कप धरायला लागलाय तो," बिट्टी म्हणाली. आपण कुणाची बाजू घेतोय, हे बोलून झाल्यावर तिला कळलं. "बाई म्हणतात, आता बदलायचं नाही. थोडे दिवस कळ काढा. तुम्ही चालायला लागाल."

बाबांनी पुन्हा हात उचलला. "कर." एवढंच लिहिलं, आणि पूर्णविराम द्यायला त्यांना खूप कष्ट पडले.

तिनं लगेच नाही केलं. पुढे तिला त्याचं फार वाटलं, पण त्या वेळी कोणाही मुलीनं केलं असतं तेच तिनं केलं: बापाचा हात बरा होतोय तर होऊ दिला. आणखी काही दिवस गेले. मग एका दुपारी तिनं बाबांचा डावा तळवा हातात घेतला, तर तो तिच्या हातात ओल्या टॉवेलसारखा पडून राहिला.

ती तशीच उठली. एडिटरची फाइल उघडली आणि निवडत न बसता नव्यानं लावलेल्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या. उजवीकडच्या, डावीकडच्या, सगळ्या. कीबोर्ड बाजारातून आणला होता तसा झाला. टेबलावर बाबांचा उजवा हात बटणांवर होता. तो मागे झाला. कोणी ओढला नाही, घसरला नाही. काम आटोपल्यावर माणूस हात मागे घेतो तसा, आपण होऊन.

६

"बिट्टी."

ती सकाळचा चहा गाळत होती. हातातली गाळणी तशीच राहिली. आवाज ओळखायला क्षणही लागला नाही. तोच तो भरदार, स्वच्छ, शेवटच्या अक्षरापर्यंत पोहोचणारा आवाज, जो तिनं लहानपणी भिंतीवरच्या रेडिओतून ऐकला होता आणि मग दार उघडून घरात आलेला बघितला होता.

ती धावली. बाबा पलंगावर उठून बसले होते. आपले आपण. उजव्या हातावर भार देऊन.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "चहा झाला का?"

पुढचा सगळा आठवडा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. रेडिओतले जुने सहकारी आले, शेजारी आले, फोन तर सारखा वाजत होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, पुन्हा केल्या, आणि कपाळ चोळत म्हणाले, "असं होत नाही असं नाही." उजवं अंग पूर्ण सुधारलं होतं. वाचा आली होती. डावा हात मात्र गेला होता, खांद्यापासून. त्यावर एक मोठे डॉक्टर म्हणाले की सौदा काही वाईट नाही, आणि सगळे हसले. बाबाही हसले. पूर्ण तोंडानं.

आत्यानं केलेल्या चहाच्या पहिल्याच घोटाला ते म्हणाले, "छान झालाय." आत्या कौतुकानं बघत राहिली. बिट्टीच्या मनाला ते लागून राहिलं. आजारातून उठलेला माणूस निवळतो, तिनं स्वतःला सांगितलं. कशाकशाची चव बदलते. आणि एवढं चांगलं झालेलं असताना चहावरून संशय घ्यायचा म्हणजे आपल्यासारखे कपाळकरंटे आपणच.

पण आत्यालाही काहीतरी जाणवलं असावं. पाहुणे गेल्यावर ती हळूच म्हणाली, "दादा मला काहीच म्हणाला नाही गं."

"म्हणजे?"

"एवढ्या दिवसांत माझं नाव घेतलं नाही त्यानं. नुसतं 'अगं' म्हणतो." मग ती घाईघाईनं म्हणाली, "विसरला असेल. आजारपण काय थोडं झालं?"

बिट्टीलाच फक्त त्यांनी नावानं हाक मारली होती. आणि ते नाव पडद्यावर नसलं, तरी घरात दिवसभर कुणी ना कुणी घेतच असायचं.

७

दुपार होती. आत्या बाहेर गेली होती. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पेपर मोठ्यानं वाचत होते. हा त्यांचा नवा छंद. उजव्या हातात घडी घातलेला पेपर, समोर कोणी असो वा नसो, बातम्या सलग वाचायच्या. वाचन निर्दोष होतं. खालून जाणारी माणसं थबकून वर बघायची.

डावा हात टेबलावर पडलेला होता. बिट्टीनंच आणून ठेवला होता, नजरेसमोर असावा म्हणून.

ती लॅपटॉप घेऊन समोर बसली. काम करायच्या मिषानं तिनं कीबोर्ड ओढून घेतला, थोडा पुसला, आणि मग जागा करायला सरकवावा तसा त्या डाव्या हाताखाली सारला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. बोटं उचलून एकेक बटणावर ठेवली. गार होती. एडिटर उघडला आणि पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"शहराच्या उत्तर भागात उद्या पाणीपुरवठा कमी दाबानं होणार आहे," बाबा वाचत होते. "नागरिकांनी पाणी जपून वापरावं, असं आवाहन..."

बोट हललं.

तिला आधी पेपरच्या सळसळीनं भास झाल्यासारखं वाटलं. मग पडद्यावर एक अक्षर आलं. म. बऱ्याच वेळानं त्याला वेलांटी. मी.

"...महापालिकेनं केलं आहे. दरम्यान, दुरुस्तीचं काम..."

मग आ. आणि त्याच्यापुढे एक मात्रा. जिच्यावर बसायचं ते अक्षरच नव्हतं, म्हणून ती ठिपक्यांच्या रिकाम्या गोलावर नुसती टांगून राहिली. डाव्या बाजूला आता दागिनेच तेवढे उरले होते. दुसऱ्या बाजूला जायची वाट तिनं स्वतःच्या हातानं पुसली होती. मी आहे, बिट्टीनं वाचलं. बोट उचललं जात होतं, थरथरत होतं, पुन्हा पडत होतं. दाणा टिपावा तसं. एकच बोट.

"...युद्धपातळीवर सुरू असून, येत्या दोन दिवसांत..."

आवाजात कुठे कंप नव्हता. श्वाससुद्धा जिथे घ्यायचा तिथेच घेतलेला. आणि त्या आवाजाच्या खाली, टेबलावर, टक. पहिली वेलांटी. टक. पाय मोडल्याची खूण. मग इतका वेळ काहीच नाही, की तिला वाटलं संपलं. टक. दुसरी वेलांटी. तीन रिकामे गोल, आणि त्यांना लटकलेल्या तीन खुणा.

बिट्टीनं मनातल्या मनात अक्षरं भरली. ब. ट. ट.

शेवटी एक पूर्णविराम असायला हवा होता, पण तो उजवीकडे होता. बोट तिकडे जायला निघालं होतं. कीबोर्डच्या मध्यापर्यंत पोहोचलं होतं.

वाचन थांबलं. वाक्याच्या मध्येच.

पेपर खाली आला. बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. उजवा हात पलीकडून आला, डाव्या हाताच्या मनगटाखाली शिरला आणि झोपलेलं मूल उचलावं तसं त्याला अलगद उचलून मांडीवर घेऊन बसला.

"घसरतो गं हा," बाबा म्हणाले. "सारखा इकडे तिकडे जातो. टेबलावर नको ठेवत जाऊस."

"बाई म्हणाल्यात, नजरेसमोर हवा."

"कशाला?"

बिट्टीनं लॅपटॉप मिटला. ती उठली. टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला गेली आणि गुडघ्यांवर बसली. "चोळून देते थोडा," ती म्हणाली. "गार पडलाय."

उजवा हात थोडा वेळ तसाच डाव्यावर राहिला, मग त्यानं तो सोडला. बिट्टीनं तो दोन्ही हातांत घेतला. तळव्यात तळवा धरला. बाहेर कुणाचं तरी सामान उतरवत होते, ओढत होते, कुणी हसत होतं.

तिच्या तळहातावर ते बोट हललं. अक्षर नव्हतं, मात्रा नव्हती. नुसती टोचणी. थांबून पुन्हा एकदा.

पेपर पुन्हा वर गेला होता, पण वाचन सुरू झालं नव्हतं.

"काय म्हणतोय?" वरून आवाजानं विचारलं. शांत, आपुलकीचा, जरासा कुतूहलाचा.

बिट्टीनं मान वर केली नाही. हातातला हात तिनं आणखी घट्ट धरला, आणि त्याच्याकडे बघत म्हणाली,

"काही नाही, बाबा."